पाणी थांबतं, पीठ थांबत नाही

मरोळच्या त्या घरात आम्ही आग्नेस मावशीचे भाडेकरू होतो, पण हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पुढे तिचं कौलारू घर, पडवी, पडवीत लाकडी बाकडं. मागे एका रांगेत भाड्याच्या खोल्या आणि त्यातली पहिली आमची. तिची चूल आणि आमचा स्टोव्ह यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ती भिंतही वर कौलांपर्यंत पोहोचायच्या आधीच दमली होती. त्यामुळे तिच्याकडे मसाला भाजला की आमच्याकडे शिंका सुरू व्हायच्या, आणि आमच्याकडे बांगडा तळायला घेतला की पलीकडून आवाज यायचा, "वैनी, मना एक तुकडी ठेवा." आईनं ती आधीच ठेवलेली असायची. दिवेलागणीला पलीकडे माळेची प्रार्थना चालायची तेव्हा अलीकडे मी 'शुभं करोति' म्हणत असे, आणि कोणी कोणाला न शिकवता मावशीच्या लूसीला आमचं आणि मला त्यांचं पाठ झालं होतं. अजूनही कधी झोप येत नसली तर मी दोन्ही म्हणते. कुठलं आधी, यावर अवलंबून काही नाही.

माझे बाबा तेव्हा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर जात. आयुष्य गिरणीत काढलं, गिरणी बंद पडली, आणि ऐन उतारवयात नवं काम शिकायची पाळी आली. त्याबद्दल ते बोलत नसत, फक्त रात्री गोधडी डोक्यावरून ओढून लवकर झोपत. ती गोधडी आमच्या घरातली सगळ्यात जाड वस्तू होती. आईनं मालवणहून येताना आणलेली, तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची. तिच्यावर बाबांचा हक्क होता आणि तो कोणी मोडत नसे. ही गोधडी पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

आग्नेस मावशी विधवा. अंगानं आडवी, आवाज उभा. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, कानात जुन्या घडणीच्या सोन्याच्या कुड्या, आणि पायात बहुधा काहीच नाही. कारखाने आले तशी गावठाणाची शेतं गेली, पण तिचा एक तुकडा उरला होता. पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात वाल. तो तुकडा विकून टाक, असं तिला सांगायला येणारे लोक पडवीत चहा पिऊन, पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन परत जात. नाही म्हणण्याची ही तिची पद्धत होती. मुलगा आंतोन टेम्पो चालवायचा आणि थोरली लूसी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लूसी माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी, पण मला तिनं कधी धाकटी म्हणून हाकललं नाही. केस धुतले की मागच्या ओट्यावर बसून मला विंचरायला लावायची आणि मग बोनाबद्दल बोलायची.

बोना म्हणजे तिचा ठरलेला नवरा. कुर्ल्याकडचा, आई-बाप नसलेला, काकानं वाढवलेला. उंच आणि हाडकुळा, बोलायला लाजरा. वर हिमाचलात डोंगरात बोगदा खोदण्याचं मोठं काम चाललं होतं, तिथे तो फिटर होता. ते काम संपवून त्याला दोन वर्षांच्या करारावर आखातात जायचं होतं, ईस्टरच्या आधीच. त्यांच्यात उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली की थेट ईस्टरपर्यंत सनई-बँड बंद. म्हणून लग्न धरलं होतं त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी. हा रविवार चुकला की मध्ये सोमवार आणि मंगळवार, आणि मग दोन वर्षं. लूसी सव्वीस वर्षांची होती. गावठाणातल्या बायका तिला तोंडावर काही म्हणत नसत. तोंडावर न म्हणताही बरंच म्हणता येतं.

त्या आठवड्यात थंडी अशी पडली की मुंबईत कोणाकडे तिच्यासाठी कपडेच नव्हते. बाबांनी माकडटोपी काढली, तीही कसरीनं खाल्लेली. गुरुवारी आभाळ भरून आलं आणि शुक्रवारी पाऊस. फेब्रुवारीत. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली, मग दुपारी वारा सुटला आणि लग्नासाठी घातलेल्या मांडवाच्या झावळ्या एकेक करून अंगणात आडव्या झाल्या. आंतोन भिजत वर चढला, पुन्हा बांधल्या, पुन्हा पडल्या. "वाट लागली यार," एवढंच म्हणून तो खाली उतरला. संध्याकाळी रेडिओवर सांगत होते: वर डोंगरात तुफान बर्फ, रस्ते बंद; राजस्थानात गारा; नाशकाकडे द्राक्षं झोडपली; आणि मुंबई-ठाण्याला अवेळी पाऊस. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच वादळ पसरलं होतं. बर्फाचा भाग ऐकताना मावशीनं हातातला लसूण सोलायचा थांबवला. लूसीनं थांबवला नाही. ती सोलत राहिली आणि सोललेल्या पाकळ्या सालांत टाकत राहिली.

नाक्यावरच्या बेकरीत फोन होता, गावठाणात कोणाला काही कळवायचं तर तिथेच. त्याच संध्याकाळी बेकरीवाल्याचा माणूस पोतं डोक्यावर घेऊन पळत आला: बोनाचा ट्रंक कॉल आहे. लूसी अनवाणीच धावली, मागून मी. मी पोचेपर्यंत फोन झालाही होता. फोन हातात तसाच धरून ती उभी होती. "रस्ता बंद आहे म्हणाला. बस नाही, काही नाही. खालच्या गावापर्यंत चालत निघतोय म्हणाला, चार-पाच जण मिळून. मी म्हटलं नको निघूस, तर लाइन कटली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुमन, त्यानं ऐकलं असेल का गं, मी नको म्हटलेलं?" मी बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर पाहिला होता.

शनिवारी सकाळी बोनाचा काका आला. चांगला माणूस, पण भीतीनं घामाघूम झालेला, त्या थंडीत. पडवीत बसून म्हणाला, "आग्नेस, हट्ट नको करू. लोकांना सांगून टाकू. पोरगा जिवंत खाली उतरला तरी देवाची कृपा. लग्नाचं मागनं बघू."

"मागनं म्हंजे कवा? तो आखातात जायेल. मंग लग्न कोनाशी लावू, फोटोशी?"

"पण तो नाय पोचला तर?"

"तो निगालाय ना? त्यानं पाय उचललाय. मंग आपुन हितं हात बांदून बसायचा?"

काका रुमालानं घाम पुसत राहिला. बोना पोचेल याची खात्री कोणालाच नव्हती, मावशीलाही नसावी. पण त्या दिवशी दोन कामं ठरलेली होती आणि दोन्ही एकदा हातात घेतली की मागे फिरता येत नाही अशी. एक, फुगियांचं पीठ. फुगिया म्हणजे त्यांच्या लग्नातला मान: मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून पीठ सैल भिजवायचं, बायकांनी मिळून ते हातानं फेटायचं, फुगू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मुठीतून गोळा पिळून तेलात सोडायचा. दुसरं, उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, विहिरीला मान द्यायचा, कळशीत पाणी भरून आणायचं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. पूर्वी विहिरीच्या काठी उंबर असे म्हणून ते नाव. आणि एकदा त्या पाण्यानं न्हालेली मुलगी दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढली नाही, तर तिचं पुढे काही धड होत नाही, असं गावठाणात सगळे धरून चालत. म्हाताऱ्या बायका सकाळपासून हेच कुजबुजत होत्या.

मावशीनं पीठ भिजवायला घेतलं. परात नाही, तांब्याचं मोठं पातेलंच. पावसात झाडावर चढायला कोणी तयार नव्हतं म्हणून ताजी ताडी आली नव्हती, आदल्या दिवशीची होती ती घातली. बायकांनी गाणी म्हणत पीठ फेटलं, पण गाण्यात जीव नव्हता. आणि त्या गारठ्यात पीठ जे बसलं ते बसलंच. दुपार टळली तरी एक बुडबुडा नाही. बायका पातेल्यात डोकावत, एकमेकींकडे बघत आणि बाजूला होत. पीठ फुगलं नाही तर तो कौल समजायचा, हे कोणी बोललं नाही, पण तसं धरून एकीनं डोळ्याला पदर लावलाही.

माझी आई तोवर आमच्या दारात उभी राहून बघत होती. ती स्वभावानं पुढे होणारी नव्हे. पण आंबलेल्या पिठाचा विषय निघाला की तिच्यात वेगळंच वारं भरायचं. ती आत आली, पिठात बोट घातलं, चाटलं नाही, हुंगलं. म्हणाली, "आग्नेसबाय, पिठाक काय जावक नाय. थंडीन गारठलाहा. माझ्या खोलीत द्या पाठवून." आणि मला, "सुमे, बापाशीची गोधडी हाड."

आमच्या खोलीत स्टोव्हच्या उबेला एक कोपरा होता, आई आंबोळीचं पीठ तिथेच ठेवायची. आंतोननं आणि मी मिळून पातेलं तिथे नेलं. आईनं शेजारी कढत पाण्याची डेग ठेवली आणि दोन्हींवर मिळून ती गोधडी घातली, कडा खाली दुमडून, आजारी मुलाला पांघरूण घालतात तशी. बाबा वर्कशॉपमधून आले तेव्हा त्यांची गोधडी फुगियांवर होती. त्यांनी पाहिलं, विचारलं, "आज मी काय पांघरायचं?" आई म्हणाली, "लग्नघर आसा, जागा रवा." बाबा हसले. गिरणी बंद झाल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

दिवे लागायच्या सुमाराला आईनं गोधडीची कड उचलली. पीठ पातेल्याच्या काठाला आलं होतं, वर जाळी पडली होती आणि आंबूस गोड वास सुटला होता. मी पलीकडे ओरडून सांगितलं, त्या अर्ध्या भिंतीवरून. पलीकडून मावशीचा आवाज, बँडवाल्यांना: "वाजवा रे."

उंबराचं पाणी आणायला आम्ही पावसातच निघालो. पुढे बँड, त्यातल्या ढोलावर प्लास्टिक बांधलेलं, त्यामुळे त्याचा आवाज कोणी पाट बडवावा तसा येत होता. मागे बायका, कोणाच्या डोक्यावर छत्री, कोणाच्या पोतं. काका शेवटपर्यंत म्हणत होता, निदान पाऊस थांबू दे. मावशी म्हणाली, "पावसाला मी आवतान नाय दिला, तो आपल्या पायानं आलाय. येऊ दे संगती." विहिरीवर तिनं कळशी सोडली, भरली, ओढली. वरून पाणी, खालून पाणी. एका म्हातारीनं विचारलंही, यातलं विहिरीचं कुठलं गं? सगळ्या हसल्या आणि त्या हसण्यानंतर गाणी नीट लागली.

घरी आल्यावर खरा प्रश्न होता. न्हाणीत पाट मांडलेला, हळद, खोबऱ्याचं दूध सगळं तयार. लूसी पाटाकडे बघत उभी. तिचे ओठ पांढरे झाले होते. मावशीनं कळशी डोक्यावरून उतरवली, आणि न्हाणीकडे न जाता सरळ आतल्या खोलीत, येशूच्या तसबिरीखालच्या चौरंगावर नेऊन ठेवली. वर ताट झाकलं, ताटावर स्वच्छ फडकं बांधलं.

"पाणी आनायचा दिस व्हता, पाणी आनला," ती म्हणाली. "न्हाणं तो आल्यावर. पाणी थांबतं. पीठ थांबत नाय, ते उद्या तळू."

एवढंच. ना रीत मोडली, ना मुलीला पणाला लावलं. मी आयुष्यात पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, त्यांतली काही सभांमध्ये बोलतात. पण अडलेल्या वेळी रिवाजाची गाठ न कापता सोडवताना मी आग्नेस मावशीलाच पाहिलं. तिचं मला तेव्हाही कौतुक वाटलं आणि आता तिच्या वयाची झाल्यावर जास्त वाटतं.

रविवारी बोना आला नाही. सकाळी देवळात (ते लोक चर्चला देऊळच म्हणतात) फादरनी त्याच्यासाठी प्रार्थना सांगितली. दुपारी मावशीनं फुगिया तळायला घेतल्या. पडलेल्या मांडवाच्या जागी आंतोननं टेम्पोची ताडपत्री ताणली होती, तिच्याखाली पंगती बसल्या. लग्नाशिवाय लग्नाचं जेवण. कढईतून निघालेल्या फुगिया एवढ्या हलक्या होत्या की ताटात ठेवल्या तरी वाऱ्यानं घरंगळत. त्यांच्याबरोबर डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट सोरपोटेल, आणि आमच्यासाठी वेगळ्या टोपात कोंबडी. पण लोकांच्या घशाखाली घास उतरेना. नवरा आलेला नाही, नवरी आत बसलेली, तर कोण कोणाला काय म्हणणार? तेवढ्यात लूसी बाहेर आली. घरातलीच साधी साडी, पदर खोचलेला, हातात फुगियांची परात. ती पंगतीतून वाढत निघाली. "अजून घे ना काका. मावशी, एवढ्यात झालं?" तिच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात तिनं एक फुगिया जास्त टाकली. कुजबुजणारी तोंडं भरली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच तिच्यामागून पाण्याचा जग घेऊन हिंडत राहिले.

सोरपोटेल मात्र मावशीनं एक टोपभर झाकून बाजूला काढलं. "ते मुरतं," ती आईला म्हणाली. "जितका दिस जाईल तितका बरा लागतो."

सोमवारी पाऊस थांबला, पण फोन आला नाही. लूसी कामावर गेली नाही आणि रडलीही नाही. संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेले तर ती चौरंगापाशी बसून कळशीवरचं फडकं सोडून पुन्हा बांधत होती. मला म्हणाली, "मेला नसेल ना गं?" इतकं सरळ तिनं तोवर कोणाला विचारलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तो कळशीइतकाच गार होता. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. हात धरण्याखेरीज मला काही येत नव्हतं आणि आज वाटतं, त्याहून जास्त काही असतंही असं नाही.

मंगळवारी सकाळी अंगणात रिक्षा थांबली. आधी काका उतरला, मग त्यानं हात देऊन एक उंच माणूस उतरवला. अंगात कोणाचा तरी जाडजूड, ढगळ कोट, गाल करपल्यासारखे काळे, आणि पायांना चिंध्यांच्या पट्ट्या. बर्फात त्याची बोटं सुजली होती, बूट चढत नव्हता. आम्ही सगळे बघत राहिलो. बोना मावशीसमोर उभा राहिला आणि लाजून म्हणाला, "रविवार चुकला."

मावशी म्हणाली, "बुधवार अजून नाय उजाडला." आणि मग त्या आडव्या अंगाच्या, उभ्या आवाजाच्या बाईनं त्याच्या कोटात तोंड खुपसून हंबरडा फोडला. चार दिवसांचं सगळं तेव्हा बाहेर आलं.

फादर देवमाणूस. "दुपारी या," म्हणाले. आता घरात धावाधाव. सोरपोटेल होतं, पण फुगिया नव्हत्या, नि त्या करायला वेळही नव्हता; त्यांच्या लग्नात नुसतं सोरपोटेल वाढायचं म्हणजे नाकच गेलं. मावशी डोक्याला हात लावून बसली. तेव्हा अर्ध्या भिंतीपलीकडून आई म्हणाली, "माझा आंबोळ्यांचा पीठ तयार आसा. काल रातीच वाटून ठेवलंय, मोठा टोप." का ठेवलंय ते तिनं सांगितलं नाही. कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, वैनी, डुकराबरोबर तुमच्या आंबोळ्या चालतील? आई तव्याला तेल लावत म्हणाली, "आंबोळेक धर्म खयचो? पीठ आंबला म्हणजे झाला." आमच्या आईनं त्या दिवशी घातलेल्या आंबोळ्या आणि दोन-तीन दिवस मुरलेलं सोरपोटेल यांची चव मरोळच्या त्या आळीत अजून सांगतात. आई मात्र शेवटपर्यंत सोरपोटेलच्या टोपाकडे न बघता वाढत होती.

पण त्याआधी न्हाणं. मावशीनं कळशी बाहेर आणली, फडकं सोडलं. त्या गारठ्यात तीन दिवस झाकून ठेवलेलं पाणी. बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जाईल असं. "बंबात ओतते, कढत करून घेऊ," असं म्हणून तिनं बंबाखाली जाळ घातला. लूसी पाटावर बसली होती, केस मोकळे. बाहेर पडवीत बोना बाकावर पाय वर घेऊन बसलेला दिसत होता, आंतोन त्याच्या पायांच्या पट्ट्या बदलत होता. लूसीनं तिकडे पाहिलं.

"मम्मी, गरम नको," ती म्हणाली.

"खुळी हायेस? लग्नाच्या दिवशी ताप भरंल."

"तो बर्फातून चालत आलाय. मी गरम पाण्यानं न्हाऊ?"

मावशीनं खाली वाकून बंबाखालचं पेटतं लाकूड ओढलं आणि ओल्या मातीत दाबून विझवलं. मग तिनं तांब्या भरला आणि तो बायकांवरून नजर फिरवत फिरवत माझ्या आईसमोर धरला.

"वैनी, पीठ तुमच्या हातानं फुगला. पैला तांब्या तुमी ओता."

आईनं पदर खोचला. आपल्यातलीच मुलगी न्हाऊ घालायची असावी तसा लूसीच्या टाळूवर आधी हात ठेवला, आणि ओतला. लूसीचा श्वास अडकला, खांदे वर आले, डोळे मिटले. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू ऐकून बाहेर बाकावर बसलेला बोना पट्ट्या तशाच टाकून उभा राहिला.